डोमाजींचा डावा डोळा

एकता रामटेकेला खुर्चीवर नीट बसलेलं मी कधी पाहिलं नाही. स्टाफरूममध्ये तिची खुर्ची माझ्या शेजारीच आहे, पण त्या खुर्चीवर बहुतेक वेळ तिचं हेल्मेट आणि ओढणी बसलेली असते. बाईसाहेब स्वतः खिडकीपाशी उभ्या, हातात डबा. एक घास खाल्ला की चार पावलं दाराकडे, दुसरा खाल्ला की चार पावलं परत. "अगं, अन्नाला तरी पोटात बसू दे," असं मी किती वेळा म्हटलं असेल. ती "बसते ना ताई" म्हणते आणि बाटलीत पाणी भरायला निघून जाते.

मी प्रणोती. याच कॉलेजात गणित शिकवते, केस काळे होते तेव्हापासून. आमचं घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत. आमच्याकडे सगळे कारकून, मास्तर, वकील, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बूड टेकून कामं करणारे. एकताचे वडील डोमाजी भंडाऱ्याकडून आले, गावाच्या कडेला रांझीच्या फॅक्टरीत फिटर म्हणून लागले आणि निवृत्त झाल्यावर तिथेच छोटं घर बांधून राहिले. गाव हिंदी मुलखातलं, म्हणून आम्ही दोघी घरी मराठी, बाहेर हिंदी. माझं मराठी तिला पुस्तकातलं वाटतं, तिचं मला नागपूरच्या बसस्टँडवरचं. यावरून आठवड्यातून एकदा तरी आमची जुंपते आणि बरं वाटतं.

ती शिकवते तो विषय मी तिच्याकडूनच समजून घेतला. फोटो म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी नुसता आकड्यांचा तक्ता. प्रत्येक बारीक चौकटीला एक आकडा, किती उजेड, किती अंधार. त्या आकड्यांवर कोड चालवायचा आणि फोटोतून काहीतरी काढून दाखवायचं, रेषा शोधायच्या, ठिपके मोजायचे. तिची लॅब आणि माझा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे, त्यामुळे माझ्या मुलांना माझं गणित आणि तिचं पायथन, म्हणजे ती कोडची भाषा, दोन्ही एकाच फीमध्ये मिळतं.

सुरुवातीला तिथून नुसता गोंधळ ऐकू यायचा. कारण बाई रोज नवा फोटो आणायच्या. आज मोर, उद्या भेडाघाटचे कडे, परवा मूठभर नाणी, तेरवा कुणाच्या तरी वरातीतला घोडा. मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून, असं तिचं म्हणणं. खरी गोष्ट अशी की कंटाळा तिला यायचा. एकच चित्र दोन दिवस समोर राहिलं तर तिचे पाय वळवळायला लागायचे.

मुलं मात्र रडकुंडीला यायची. "मैम, मोर में तो चल रहा था!" ही आरोळी मी भिंतीतून इतकी ऐकली की माझ्या वर्गातली पोरं ती माझ्या गणितालाही मारायला लागली. एकदा बरगीहून बसने येणाऱ्या आलोकने तिला विचारलं, "मैम, ये जो फरक आया, ये हमने कोड बदला इसलिए आया, कि आपने फोटो बदला इसलिए?"

ती तास अर्धा टाकून स्टाफरूममध्ये आली. त्या दिवशी तर तिने डबाही उघडला नाही, नुसत्या येरझाऱ्या.

"ताई, त्याला उत्तर नाही देता आलं. मलाच नाही समजून राहिलं कशामुळे फरक पडला."

"कसं समजेल? दोन गोष्टी एकदम हलवल्यास तू," मी म्हटलं. "माझ्याकडे एक घडा आहे. त्यात लाल गोट्या आणि पांढऱ्या गोट्या. संभाव्यता शिकवायला जुलैत तो घडा काढते, तो मार्चपर्यंत तोच. पोरं कंटाळतात. कंटाळू देत. घड्याचा कंटाळा आला की मग ती गणिताकडे बघायला लागतात."

"पूर्ण वर्ष एकच?"

"पूर्ण वर्ष एकच. तू नाच हवं तेवढं. फोटो नाचला नाही पाहिजे."

सल्ला माझा होता आणि बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर मी तोच देईन. हे आत्ताच सांगून ठेवते.

मग तिचा शोध सुरू झाला. एकच फोटो, पण त्यात सगळं पाहिजे. उजेड पाहिजे, अंधार पाहिजे, बारीक रेषा पाहिजेत, मोजता येतील असे ठिपके पाहिजेत. पुढचे काही दिवस ती दिसेल त्याचे फोटो काढत सुटली. माझ्या पोळीचासुद्धा काढला, करपलेले डाग मोजायला म्हणून. पोळी काही पास झाली नाही.

जुलै उजाडला, तीच मुलं पुढच्या वर्षाला आली, आणि एका सकाळी तिने माझ्या नाकासमोर मोबाईल धरला. "ताई, सापडला."

मला आधी संत्रं वाटलं. काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी गोल. त्यात एका बाजूला पिवळट उजळ टिकली, त्या टिकलीतून निघून सगळीकडे फाटे फुटत गेलेल्या लाल नसा, मधोमध थोडा गडद भाग, आणि इकडेतिकडे सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके.

"बाबांचा डावा डोळा आहे. आतून," ती म्हणाली. डोमाजींना बरीच वर्षं शुगर. डोळे तपासायला नेलं तेव्हा तिथल्या मशीनने डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो काढले आणि टेक्निशियनने ते हिच्या मोबाईलवर पाठवले होते.

"आणि हे ठिपके कसले?"

"शुगरचे. सुरुवात आहे म्हणे. दिवाळीच्या आसपास परत दाखवायला सांगितलं डॉक्टरांनी. पण ताई, नसा बघा ना! जाड, बारीक, सगळ्या प्रकारच्या रेषा एकाच फोटोत. आणि ठिपके तर मोजायलाच बनले जसे." दिवाळीचं वाक्य आणि नसांचं वाक्य तिने एकाच श्वासात सांगितलं.

घरी तिने रीतसर परवानगी मागितली. डोमाजी आधी चमकले. म्हणे, "माया डोळा? कॉलेजात? पोरं काय शिकतीन त्याच्यातून?" मग खूश झाले. "नाव नको टाकू. पण रांझीचा आहे म्हणून सांगजो." तिने नावही सांगितलं नाही आणि रांझीही नाही. पण असल्या गोष्टी वर्गात लपतात होय? महिन्याभरात सगळ्या मुलांना ठाऊक झालं आणि त्या फोटोचं नाव 'अंकल' पडलं.

मग भिंतीपलीकडून वेगळीच भाषा ऐकू यायला लागली. "अंकल को ग्रे कर दिया, मैम." "अंकल में किनारे ढूँढ लिए." "अंकल उलटे हो गए!" माझ्या वर्गात सगळे खो खो हसायचे. पण गोंधळ गेला होता. संपदा नावाची एक शांत मुलगी होती, तिने एकदा फोटोतले तीन रंग वेगवेगळे काढून पाहिले, तर फक्त हिरव्यात नसा स्वच्छ उठून दिसल्या. पूर्वी असं झालं असतं तर फोटोच तसा असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. आता फोटो तोच, ठिपका न्‌ ठिपका पाठ, तेव्हा फरक आला तो हिरव्यामुळेच, हे वर्गाने स्वतः ओळखलं. एकता त्या दिवशी धावतच स्टाफरूममध्ये आली आणि मला उभं करून मिठी मारली. मला असले प्रकार आवडत नाहीत, पण मारू दिली.

एक नियम तिने फळ्यावर लिहून ठेवला होता. कोणता ठिपका धरायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवायला एक आकडा द्यावा लागतो. त्याच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. मुलं आपल्याला हवं तेच दिसेपर्यंत तो आकडा वरखाली करत बसायची. त्यावर तिचा नियम असा, की आकडा आधी ठरवायचा, कारण सांगून ठरवायचा, आणि मग जे दिसेल ते मान्य करायचं. "नंबर बढ़ा-बढ़ाकर जवाब मत मिटाओ," हे मी भिंतीतून ऐकून ऐकून पाठ केलं.

तिकडे डोमाजींची ऐट वाढली होती. चौकातल्या चहावाल्याकडे जुने फॅक्टरीवाले जमत, त्यांना सांगत, "आपण रिटायर झालो, पण माया डावा डोळा अजून ड्युटीवर आहे." संध्याकाळी एकता घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला, आज माया डोळ्याले काय केलं? ही चप्पल काढता काढता सांगायची आणि तशीच स्वयंपाकघराकडे, तिथून गच्चीवर, तिथून परत. बापलेकीचं सगळं बोलणं असं चालताचालता व्हायचं.

दिवाळी आली आणि गेली. दिवाळीच्या तोंडावर कॉलेजच्या परीक्षा होत्या. नंतर पेपर तपासणं. नंतर एका कार्यशाळेसाठी ती भोपाळला जाऊन आली. रिकामी ती नव्हतीच कधी, आणि रिकामी असती तरी नवं काहीतरी काढून बसली असती. मी तिला एवढंच सांगते की माणसाच्या पायाला भिंगरी असली म्हणजे तो सगळीकडे पोहोचतो असं नाही. तिला ते पटतं आणि ती उठून जाते.

जानेवारीत मी एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. लीलाबाईंनी, म्हणजे एकताच्या आईंनी, बेसनाच्या पातोडीची भाजी केली होती, इतकी तिखट की माझे डोळे वाहायला लागले. डोमाजी पेपर घेऊन खिडकीशी बसले होते.

"काल काय शिकवलं मंग?" त्यांनी विचारलं.

"ब्लर, बाबा. फोटो धूसर करायचा. बारीकसारीक कचरा निघून जातो त्यानं."

"तरीच!" त्यांनी पेपर मांडीवर आपटला. "मी म्हणतो, पेपरातली अक्षरं धूसर काहून दिसून राहिली. तूच करून राहिली होय तिकडं!"

सगळे हसलो. मीही हसले, विनोद छान होता. लीलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. वाढता वाढता म्हणाल्या, "दिवाळीले दाखवायचं होतं. आता संक्रांत होऊन गेली."

"हो आई, नेते ना सुट्टीत," एकता म्हणाली. ती ताट घेऊन दारात उभी होती.

"काहून नेते? मले चांगलं दिसून राहिलं," डोमाजी म्हणाले आणि विषय पातोडीवर गेला.

मार्चमध्ये तिचा शेवटचा धडा आला. एकाच जागेचे, पण वेगवेगळ्या वेळचे दोन फोटो घ्यायचे, एकावर एक नेमके बसवायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. जे बदललं नाही ते वजा होऊन काळं पडतं. जे बदललं तेवढंच उजळतं. आलोकने सुचवलं होतं की उपग्रहातून काढलेले बरगी धरणाचे फोटो घेऊ, उन्हाळ्यातलं पाणी आणि पावसाळ्यातलं पाणी. चांगलं सुचवलं होतं पोरानं. पण बाई आता एकाच फोटोच्या अशा काही भक्त झाल्या होत्या की ऐकेनात. "वर्षभर एक फोटो धरला, शेवटी काहून सोडू? त्याच डोळ्याचा नवा काढून आणते."

धड्याच्या आदल्या दिवशी तिने माझ्याशी तास बदलून घेतला. "ताई, उद्याचा पहिला तास तुम्ही घ्या. मी बाबांना नेऊन फोटो काढून आणते." मी हो म्हटलं. फोटो काढून आणते, असंच म्हणाली ती. डोळे दाखवून आणते असं म्हणाली नाही.

सकाळी ती आईबाबांना दवाखान्यात घेऊन गेली, ते दोघं ऑटोत, ही स्कूटीवर. डोळ्यांत औषध घातलं, थांबवलं, फोटो काढला, टेक्निशियनने मोबाईलवर पाठवला. डॉक्टरांच्या दाराशी रांग होती. हिचा जीव तासात अडकलेला. "बाबा, तुम्ही डॉक्टरांना दाखवून आईसोबत ऑटोने घरी जा," असं सांगून ती स्कूटीवर बसली. दुसऱ्या तासाला लॅबमध्ये हजर.

माझा तो तास मोकळा होता. वर्षभर भिंतीतून ऐकलेली कथा एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसले. मुलं खुशीत होती. 'नए अंकल' येणार म्हणून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

तुम्ही म्हणाल, जुना फोटो एवढा पाठ असलेल्या बाईने नवा पाहिला नव्हता का? पाहिला होता. पण फोटो हलला नाही ना, उजेड सारखा पडलाय ना, तेवढंच पाहिलं होतं. तिला तो धड्यासाठी हवा होता.

तिने दोन्ही फोटो एकमेकांवर बसवले. नसांचे फाटे जुळवून बसवायचे असतात, ते छान जुळले. उजेडाचा फरक काढून टाकला. मग वजाबाकीची ओळ लिहिली आणि मुलांकडे तोंड करून म्हणाली, "देखना, लगभग सब काला हो जाएगा." पडद्याकडे तिची पाठ होती. मुलांचे चेहरे मला मागून दिसत नव्हते, पण कुजबुज थांबलेली कळली.

पडदा काळा झाला होता. फक्त मधोमध एक मोठा पांढरा पट्टा पेटला होता आणि त्याच्याभोवती ठिकठिकाणी पांढरे डाग.

"बसला नाही नीट," ती वळून म्हणाली. फाटे परत जुळवले. तेच. "उजेडाचा काहीतरी घोळ आहे." तोही परत काढला. तेच. ती टेबलापासून पडद्यापर्यंत गेली, परत आली, एका पायावर उभी राहून टाइप करायला लागली. कोडची एक ओळ खोडली, दुसरी लिहिली.   

मग तिने तो आकडा वाढवला. पांढरा पट्टा थोडा आकसला. तिने अजून वाढवला. डाग गेले. अजून वाढवला. शेवटी सगळा पडदा काळा झाला.

"हां," ती म्हणाली. "अब ठीक है."

 पुढच्या बाकावरून संपदा हळूच म्हणाली, "मैम, आप ही तो मना करती हैं."

 एकताचा डावा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. आलोक उठून उभा राहिला.  "मैम, कोड में कुछ गलत नहीं है. आप अंकल को फोन कर लीजिए."

तिने फोन लावला तो तिथेच, सगळ्यांसमोर. डोमाजी फोनवर मोठ्यांदा बोलतात, आवाज मागच्या बाकापर्यंत आला.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर? नाही भेटलो. भल्ली गर्दी होती. तुयी आई थांबू म्हणे, मीच नाही म्हटलं. तुया फोटो निघाला ना चांगला? मंग आलो आम्ही घरी. जेवून राहिलो."

खोटं सांगत नाही, मला त्या क्षणी तिचा संताप आला. त्या माणसाला वाटलं होतं की आपण पोरीच्या धड्यासाठी गेलो होतो. पोरीचं काम झालं, आपण घरी जायचं. आणि त्याला तसं वाटण्यात काहीच चूक नव्हती.

तिने पर्स उचलली नाही, हेल्मेट उचललं नाही. दोन्ही मी उचललं आणि तिच्या मागे धावले. या वयात स्कूटीवर मागे बसून रांझीपर्यंत जाणं म्हणजे काय ते मला विचारा. सिग्नलला थांबली की ती दोन्ही पाय जमिनीवर आपटायची. मी तिचा खांदा घट्ट धरून बसले होते. घरी पोहोचल्यावर ती डोमाजींना हात धुऊ देईना. लीलाबाईंनी अर्धं ताट झाकलं आणि पुन्हा आम्ही सगळे दवाखान्यात, ते दोघं आणि मी ऑटोत, ही स्कूटीवर पुढे.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी जुना कागद बघितला, डोळे बघितले आणि आधी एवढंच विचारलं, "दिवाली पर बुलाया था ना?"



डाव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज होती आणि रक्त पसरलं होतं. आजचं नव्हतं, काही महिन्यांचं होतं. उजव्यातही सुरू झालं होतं, पण तो वाचवता येईल म्हणाल्या. त्यांनी डोमाजींना उजवा डोळा हाताने झाकायला लावला आणि समोर बोटं धरली. डोमाजी बराच वेळ बघत राहिले.

"सांगा ना बाबा," एकता म्हणाली.

"मले वाटलं चश्म्याचा नंबर वाढला असन," डोमाजी म्हणाले. "दोन्ही उघडे असले की चांगलं दिसते ना."

असंच होतं म्हणे. एक डोळा दुसऱ्याचं काम करून देतो आणि माणसाला पत्ता लागत नाही.

बाहेर व्हरांड्यात लीलाबाई बाकावर बसल्या होत्या. शांत बाई, मी त्यांचा चढा आवाज कधी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "डोळा रोज नेला कॉलेजात," त्या म्हणाल्या. "बाप एक दिवस नाही नेला दवाखान्यात."

एकता व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. नर्सने दोनदा बाजूला व्हा म्हटलं. शेवटी मी तिचा दंड धरला तर म्हणाली, "ताई, मी रोज पाहत होते ना. रोज तासभर पाहत होते बाबांचा डोळा. कोणता ठिपका कुठं आहे, सगळं माहीत. रोज तसाच होता. मला वाटलं..." 

मला रागवायचं होतं. तयारीही होती. पण मी तिला जवळ घेतलं आणि ती माझ्या खांद्यावर हुंदके देऊन रडली, तेव्हासुद्धा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

त्यानंतर डोळ्यात इंजेक्शनं झाली, लेसर झालं. उन्हाळा सगळा त्यात गेला. या वेळी एकही तारीख चुकली नाही. उजवा डोळा सावरला. डाव्याची सूज उतरली, पण मधला भाग गेला तो गेलाच. कडेकडेने दिसतं, समोरचं दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ.

जुलैत नवी बॅच आली. एकताने ताटलीत पसरलेल्या तांदळाच्या दाण्यांचा फोटो घेतला आणि वर्षभर तोच वापरणार म्हणून जाहीर केलं. भिंतीतून मला दाणे मोजल्याचं ऐकू येतं. मुलं बरी शिकत आहेत. तांदळाला मात्र कुणी नाव ठेवलेलं नाही.

हे डोमाजींना कळलं तेव्हा मी तिथेच होते. एकताला सोडायचं म्हणून मी गेले होते, कारण हल्ली ती स्कूटी अशी चालवते की मीच तिला रिक्षात घालते. डोमाजी रोजचा पाठ करत बसले होते. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज एकेक डोळा झाकून समोर बघायचं आणि काही वेगळं दिसलं तर लगेच यायचं. ही परीक्षा एकता स्वतः घेते.

"मंग माया डोळा नापास झाला काय?" त्यांनी विचारलं. हसतच विचारलं, पण लागलं होतं त्यांना. ड्युटीवरून काढल्यासारखं वाटलं असेल.

"नाही बाबा," एवढंच ती म्हणाली.  ती खोलीत फिरत होती, पडदा सरकव, पाण्याचा तांब्या उचल, परत ठेव. "चला, उजवा झाका. काय दिसून राहिलं सांगा."

डोमाजींनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला. "दाराची चौकट दिसते इकडून. तिकडून खिडकी. मधात मळकट."

"अजून?"

"तू दिसते ना."

ती दचकली. "मी दिसते? चेहरा दिसतो?"

"चेहरा नाही बाई. चेहरा कुठं दिसते? तू सारखी हालून राहते ना, त्याच्यावरून समजते, की ही एकता आहे."

ती पलंगापासून हातभर अंतरावर होती. तिथेच थांबली. पाय थांबले, हात थांबले, ओढणीचं टोक चाळवणारी बोटंसुद्धा थांबली. इतक्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. ओठ आवळून ती नुसती बापाकडे बघत उभी होती, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलासुद्धा तिने हात उचलला नाही.

डोमाजींनी मान एकदा इकडे वळवली, एकदा तिकडे. तळहात तसाच उजव्या डोळ्यावर. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"एकता?" ते म्हणाले. "गेली काय तू?"

 मग तिने हात वर केला आणि त्यांच्यासमोर हलवत राहिली.